जप्त म्हणजे सरकारजमा नव्हे

मराठी दैनिकांच्या आतल्या पानावर, नाव बदलल्याच्या आणि जमिनीच्या हरकतींच्या जाहिरातींमध्ये, अधूनमधून एखाद्या पोलीस ठाण्याचे जाहीर प्रगटन असते. आमच्या आवारात खालील बेवारस वाहने पडून आहेत, मालकांनी मूळ कागदपत्रे घेऊन अमुक दिवसांत यावे, नाही आले तर कोणाचा हक्क नाही असे समजून लिलाव करू, असा एकूण मजकूर. खाली बारीक अक्षरांत गाडीचा प्रकार, नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर. काही ठिकाणी नंबराच्या जागी नुसती आडवी रेघ.

ही यादी कोण वाचत असेल? भंगारवाले वाचतात, कारण तो त्यांचा धंदा आहे. मी वाचतो, कारण मला ती भाषा सोडवत नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. एका प्रगटनात दोन्ही भाषा किती गळ्यात गळे घालून बसल्या आहेत ते बघा. जप्त हा आपला ‘ज़ब्त’. मुद्देमालातला ‘मुद्दा’ दाव्याचा, म्हणजे ज्या मालाबद्दल कोणाचा तरी दावा आहे तो माल. पंचनाम्यातले पंच इथले, नामा फारसीचा. सुपूर्तनामा फारसी, बेवारस फारसी-अरबी. लिलाव तेवढा पोर्तुगिजांकडून आला. उर्दूत ‘ज़ब्त’ म्हणजे स्वतःवर ताबा ठेवणे, संयम. मराठीत तो दुसऱ्याच्या मालावर ताबा झाला. संयम मालकाने ठेवायचा.

यातला ‘बेवारस’ हा शब्द मला खुपतो, आणि हा लेख त्या शब्दापायीच आहे. बेवारस म्हणजे ज्याला वारस नाही, ज्याच्यावर हक्क सांगणारे जगात कोणी नाही. ठाण्याच्या आवारात गंजणाऱ्या गाड्यांपैकी किती गाड्या खरोखर तशा असतात?

मोहल्ल्यातले सरकारी कागद फिरत फिरत माझ्यासारख्या मास्तराकडे येतात. असाच एका विद्यार्थिनीचा बाप एकदा वर्तमानपत्राचे पान घडी घालून घेऊन आला. त्याचा छोटा टेम्पो होता, तो त्याने ड्रायव्हरला भाड्याने दिला होता. ड्रायव्हर गुटख्याच्या मालासकट पकडला गेला. गुटखा आपल्या राज्यात २०१२ पासून बंद आहे, हे पानटपरीवर पाहून कोणाला पटणार नाही, पण कायदा आहे. टेम्पो जप्त झाला. हा बाप आरोपी नव्हता. दोन-तीनदा ठाण्यात गेला, साहेब बंदोबस्तावर आहेत, कोर्टातून आणा, वकील करा, असे ऐकून परत आला. वकिलाची फी, जामीनदार, बुडणारी रोजी, असा हिशेब मांडून गप्प बसला. दोन पावसाळे गेले. मग कोणीतरी त्याला ते पान दाखवले. टेम्पोचा नंबर बेवारस वाहनांच्या यादीत होता.

तो मला म्हणाला, “सर, मैं जिंदा हूँ ना? फिर मेरी गाडी बेवारस कैसी?”

या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, आणि ते त्याच्या बाजूचे आहे. कायद्यात तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपण त्या एकात कालवतो. जप्ती म्हणजे पोलिसांनी पुराव्यासाठी किंवा संशयावरून वस्तू ताब्यात घेणे. मालकी मालकाचीच राहते. सरकारजमा होणे म्हणजे कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने किंवा कोर्टाने बाजू ऐकून मालकी काढून घेणे. आणि बेवारस म्हणजे मालक सापडत नाही किंवा पुढे येत नाही. त्यासाठीही कोर्टाने जाहीरनामा काढून सहा महिने वाट पाहावी, असे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५७ आणि ४५८ या कलमांत होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५०३ आणि ५०४ कलमांतही आहे. म्हणजे पहिल्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर उडी मारायची मुभा कोणालाच नाही. पण आवारात गाडी वर्षभर उभी राहिली की ती आपोआप एकेक पायरी घसरत जाते. कोणी हुकूम दिला, हे विचारले तर सांगता येत नाही. गवताने दिला म्हणायचे.

हे दुखणे आजचे नाही. जुनागढ संस्थानाच्या जकात अधिकाऱ्यांनी १९४७ मध्ये एका मेमन मालकाचे दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन जप्त केली. तो अपिलात गेला. अपील चालू असताना गाड्या उघड्यावर पडून राहिल्या, सुटे भाग चोरीला गेले, आणि मग पोलिसांनी कोर्टाकडून ‘बेवारस माल’ म्हणून त्यांची विल्हेवाट लावण्याचा हुकूम मिळवला. मालक दुसऱ्या दाराशी भांडत उभा होता आणि या दारातून त्याच्या गाड्या बेवारस म्हणून गेल्या! अपिलात तो जिंकला, तेव्हा परत घ्यायला काही उरले नव्हते. गुजरात सरकारचे म्हणणे पडले की आमचा याच्याशी काही करार नव्हता, मग जबाबदारी कसली? सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये ते फेटाळले. जप्तीचा अंतिम निकाल लागेपर्यंत सरकार दुसऱ्याच्या वस्तूचे राखणदार आहे, करार असो वा नसो, आणि वस्तू परत देण्याची वेळ येऊ शकते हे धरून ती त्याने सांभाळली पाहिजे, असे कोर्ट म्हणाले. न्यायालयाचा इंग्रजी शब्द वेगळा आहे. आपल्याकडे त्याला अमानत म्हणतात.

दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, कर्नाटकातल्या एका बाईचे चोरीला जाऊन सापडलेले दागिने पोलिसांच्या ताब्यातून नाहीसे झाले, तेव्हाही सुप्रीम कोर्टाने सरकारला किंमत भरून द्यायला लावली. आणि २००२ चा सुंदरभाई देसाई निकाल तर या विषयात रोज वापरला जातो. त्या प्रकरणात आरोपी खुद्द पोलीस होते. ठाण्यातला मुद्देमाल बदलून नकली वस्तू ठेवल्या, रक्कम खाल्ली, माल परस्पर लिलावात काढला, असे आरोप होते. कोर्टाने त्या निमित्ताने साऱ्या देशासाठी रीत घालून दिली. वस्तूंचे फोटो काढा, सविस्तर पंचनामा करा, मालकाकडून बंधपत्र घ्या आणि वस्तू देऊन टाका. माल ठाण्यात पंधरा दिवस, फार तर एक महिना. गाडीवर मालक, विमा कंपनी, कोणीच हक्क सांगत नसेल तर कोर्टाच्या हुकमाने लिलाव. खटल्यात गाडीऐवजी फोटो आणि पंचनामा चालेल, असे इतके स्वच्छ सांगून आज वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. आपल्या तालुक्याच्या ठाण्याच्या मागे एक चक्कर मारून या.

नव्या संहितेने ही रीत कायद्यातच घातली आहे. कलम ४९७ म्हणते की माल कोर्टापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याचे वर्णन तयार करायचे, फोटो आणि गरज पडल्यास व्हिडिओ काढायचा, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम करायचा. कागदावर फार छान. पण मोजणी सुरू होते माल कोर्टापुढे हजर केल्यापासून. ट्रॅक्टर आणि टेम्पो काही कोणी उचलून कोर्टाच्या पायरीवर नेत नाही. जप्तीचा नुसता अहवाल जातो, गाडी ठाण्यात उभी राहते, आणि तिच्यासाठी वेगळे कलम लागते, ज्यात दिवसांची अशी मर्यादा नाही. गरिबाची गाडी नेमकी याच फटीत अडकते, अशी मला भीती आहे.

पोलिसांची बाजू नाही असे नव्हे. ठाणे हे गोदाम नाही. एका मुद्देमाल कारकुनाच्या गळ्यात दारूच्या कॅनपासून कुऱ्हाडीपर्यंत सगळे असते, त्याची बदली झाली की नव्याला रजिस्टर आणि माल यांचा मेळ लावायला महिने जातात. मथुरेत २०२२ मध्ये पोलिसांनी कोर्टात सांगितले की मालखान्यातला ५८१ किलो गांजा उंदरांनी खाल्ला. आपण हसलो. पण माल वर्षानुवर्षे साठवून ठेवायची सक्ती केली की उंदीर येणारच, चार पायांचे किंवा दोन पायांचे. आणि खरोखर टाकून दिलेल्या गाड्याही असतात. चोरीच्या गाडीचे पैसे विमा कंपनीने दिले की जुना मालक फिरकत नाही. दंड गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला की लोक गाडीवर पाणी सोडतात.

आपल्याकडे आणखी एक रोग आहे. जुनी मोटारसायकल घ्यायची, टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन ठेवायच्या आणि वर्षानुवर्षे नावावर करायची नाही. तीच गाडी पुढे तिसऱ्याला, चौथ्याला. मग जप्ती झाली की आरसी बुकावरचा मालक म्हणतो मी विकली, चालवणारा म्हणतो माझी आहे, आणि कोर्ट विचारते कागद कुठे आहे. माझ्या ओळखीतल्या अशा गाड्या मोजायला दोन्ही हातांची बोटे पुरणार नाहीत. हजार-दीड हजार वाचवायला गेलेला माणूस पंचवीस हजारांची गाडी घालवतो.

पण चेसिस नंबर शाबूत असलेल्या गाडीला बेवारस म्हणायला आज कसलीच सबब उरलेली नाही. ‘वाहन’ या सरकारी संगणक यादीत नंबर टाकला की मालकाचे नाव आणि पत्ता निघतो. मावळातल्या परंदवडीची गंगामाता वाहन शोध संस्था हेच काम करते. ठाण्याठाण्यात जाऊन चेसिस आणि इंजिन नंबर घासून वाचायचे, मालकांचा पत्ता लावायचा, त्यांना कळवायचे. जे काम गावाकडची एक संस्था करू शकते ते सरकारला जड का जावे? मालकाच्या पत्त्यावर एक रजिस्टर पत्र, त्याच्या मोबाइलवर एक संदेश. दंडाचे चलान तर मिनिटात येते. त्याला मालक बरोबर सापडतो.

आमच्या फिक्हमध्ये सापडलेल्या वस्तूचे प्रकरण वेगळे आहे, त्याला ‘लुकता’ म्हणतात. एखाद्याला पडलेली थैली सापडली तर थैली कशाची आहे, तिचा बंद कसा आहे ते लक्षात ठेवावे, आणि लोक जमतात तिथे वर्षभर पुकारा करावा, अशी पैगंबरांची (स.) शिकवण हदीसमध्ये आली आहे. वाट चुकलेल्या उंटाबद्दल विचारले तेव्हा तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका, तो आपला चालतो-पितो, मालक त्याला शोधून काढील, या अर्थाचे उत्तर मिळाले. मौलवीसाहेब यावर तासभर बोलू शकतील, मला त्यातली एकच गोष्ट घ्यायची आहे. ओझे सापडणाऱ्यावर आहे. वस्तूची खूण त्याने जपायची, पुकारा त्याने करायचा, आणि मालक जिथे ऐकू शकेल तिथे करायचा. आपल्या रीतीत ओझे मालकावर आहे. त्याने सगळी दैनिके रोज वाचायची, आणि ज्या मोहल्ल्यात निम्मी घरे उर्दू वाचतात आणि निम्मी काहीच वाचत नाहीत तिथेही.

उंटावरून गुरांकडे येतो, कारण मुद्देमाल जेव्हा जिवंत असतो तेव्हा ही गोष्ट सर्वात जास्त बोचते. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यातली दुरुस्ती २०१५ मध्ये लागू झाल्यापासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीवर तशी बंदी नाही. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद आज बाजूला ठेवू. रस्त्यावर गाडी अडवली जाते, जनावरे उतरवली जातात आणि गोशाळेत जातात. त्यांत म्हशी असतात, शेतकऱ्याने बाजारातून औतासाठी घेतलेला बैल असतो, खरोखर बेकायदा चाललेली जनावरेही असतात. कोणते कोणते, हे कोर्टाने ठरवायचे आहे. पण बैल खातो. चारापाण्याचा रोजचा खर्च चढत जातो, आणि केंद्राच्या २०१७ च्या नियमांनी तो आरोपीच्या अंगावर टाकला आहे. त्यासाठी बंधपत्र मागितले आणि तीन दिवसांत ते भरले नाही, तर जनावर त्या संस्थेचेच होऊन जाते. तीन दिवस! गुन्हा शाबीत व्हायला पाच वर्षे लागतील, मालकी जायला तीन दिवस पुरतात.

ज्या कायद्याखाली हे नियम केले त्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम २९ सांगते की जनावर मालकाकडून कायमचे काढून घ्यायचे ते दोषसिद्धीनंतर. जानेवारी २०२१ मध्ये म्हशींच्या व्यापाऱ्यांच्या याचिकेवर सुनावणी चालू असताना नागपूरचे सुपुत्र, तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने केंद्राला हेच ऐकवले होते. नियम कायद्याच्या विरोधात जातो, तो बदला, नाहीतर आम्ही स्थगिती देऊ, असा तो सूर होता. ही जनावरे माणसाच्या रोजीरोटीचे साधन असतात, हेही कोर्टाच्या बोलण्यात आले.

कुरेशी बांधवांची बाजू मांडतो आहे असे कोणाला वाटेल तर वाटू द्या, मांडतोच आहे. पण बाजारात जनावर विकणारा हात बहुतेक वेळा पाटलाचा, मराठ्याचा, धनगराचा, बंजाऱ्याचा असतो. व्यापाऱ्याची दोन खेपांची जनावरे गेली की तो तिसऱ्यांदा बाजारात उतरत नाही, आणि मग पोरीच्या लग्नाला किंवा पेरणीला बैलजोडी काढायला आलेला शेतकरी संध्याकाळी जोडी घेऊन पायी घरी जातो. त्याचे नाव कुठल्याच जप्ती पंचनाम्यात नसते.

आता टीव्हीवर दिसणाऱ्या लिलावांबद्दल थोडे. दाऊद इब्राहिमच्या मालमत्ता १९७६ च्या साफेमा कायद्याखाली सरकारजमा झाल्या. २०१७ मध्ये भेंडीबाजार परिसरातल्या मालमत्ता सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने घेतल्या, त्या भागाचा पुनर्विकास तो ट्रस्टच करतो आहे. जानेवारी २०२४ मध्ये खेड तालुक्यातल्या मुंबके गावातला एक जमिनीचा तुकडा, ज्याची राखीव किंमत साडेपंधरा हजारांच्या आत होती, तो दोन कोटी एक लाखाला गेला. वाहिन्यांनी दिवसभर दाखवले. अशा वेळी आपल्यातले काही उगाच अंग चोरतात. का चोरावे? तस्करीचा पैसा सरकारजमा झालाच पाहिजे. मला त्या प्रकरणातली वेगळीच गोष्ट दिसते. दाऊदच्या आई-बहिणीला नोटीस मिळाली, प्राधिकरणापुढे बाजू मांडता आली, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट झाले, आणि २०१८ मध्ये अर्ज फेटाळले गेले. म्हणजे कायदा पायरीपायरीने चालू शकतो. गुटख्याच्या खटल्यात आरोपीही नसलेल्या टेम्पोवाल्याच्या वाट्याला मात्र वर्तमानपत्रातली एक ओळ येते, तीही नंबर चुकीचा छापला नाही तर.

आणि लिलावाचा पैसा? तो सरकारी खात्यात जमा होतो हे ठीक. पण कोणत्या ठाण्याने किती गाड्या, कोणत्या हुकमाने, कोणाला, काय भावाने दिल्या, याचा तक्ता लोकांपुढे लावायला काय हरकत आहे? किलोवर विकलेल्या ढिगात चालती गाडी किती आणि सांगाडा किती, हे त्या ढिगाशिवाय कोणाला माहीत नसते. ग्रामपंचायत पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची नावे फळ्यावर लिहिते. ठाण्याने वर्षातून दोनदा मुद्देमालाचा फळा लिहावा, जिथे गरज आहे तिथे उर्दूतही. उर्दू लिहून द्यायला मी आणि माझ्यासारखे शिक्षक फुकट येऊ.

त्या टेम्पोचे काय झाले ते सांगतो. अर्ज मी लिहून दिला, एका ओळखीच्या वकिलांनी कमी पैशांत चालवला. कोर्टाने पोलिसांचा आणि सरकारी वकिलांचा ‘से’ मागवला, तो यायला तीन तारखा गेल्या. मग बंधपत्रावर टेम्पो मिळाला. बॅटरी नव्हती, स्टेपनी नव्हती, ताडपत्री नव्हती, टायर बसले होते. जप्ती पंचनाम्यात ‘एक तीनचाकी टेम्पो, जुना वापरता’ एवढेच लिहिले होते, त्यामुळे बॅटरी होती हे तरी कसे सिद्ध करणार? दुरुस्तीचा खर्च ऐकून त्याने तो चार महिन्यांनी भंगारात काढला, कोर्टाची रीतसर परवानगी घेऊन, कारण खटला अजून चालूच होता. आज दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने जातो.

म्हणून ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी एवढे लिहून ठेवतो. जप्तीच्या वेळी हजर असाल तर पंचनाम्यात बॅटरी, टायर, स्टेपनी, मीटरचा आकडा, आतले सामान लिहायला सांगा. फिर्यादीची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते, गुन्हा नंबर तिथून घ्या. ‘खटला संपला की गाडी मिळेल’ असे कोणी म्हटले तर ऐकू नका, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पहिल्याच आठवड्यात ताब्यासाठी अर्ज टाका. कलम ४९७ किंवा ५०३, कोणते लागते ते वकील पाहतील. नुसती कागदपत्रे नसल्यामुळे वाहतूक पोलिसांनी गाडी अडकवली असेल तर रस्ता वेगळा आणि सोपा आहे, कागद दाखवायचे आणि दंड भरायचा. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय कोर्टाच्याच आवारात असते, तिथे विचारा. आरसी बुक, विमा आणि आधार यांच्या प्रती लावा, पत्ता बदलला असेल तर आरटीओत तो आधी बदलून घ्या. आणि गाडी आवारात जशी उभी आहे तसे तिचे चारी बाजूंचे फोटो परवानगी घेऊन काढा, अर्जाला जोडा, मागे तारीख लिहा.